बायकांची खिडकी

"भाऊ, तिकिटं छापली तरी होती का?"

शामलाने विचारलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रेमिलाने हसू दाबायला तोंडात रुमालच कोंबला. पैज तिचीच होती. शाळा सुटल्यावर लकडगंजातल्या संगीत मंडळाच्या कचेरीपर्यंत तणतणत येताना ती म्हणाली होती, "हिंमत असंल तर कवडूजीले विचारून दाखव, तिकिटं छापली होती का नुसता हाऊसफुल्लचा बोर्डच छापला. विचारलं तर समोसा माझ्याकडून."

शामलाला असं काही सांगायचीच खोटी. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून तिला कुणालाही काहीही विचारायची सवय लागली होती. भूगोलाच्या बाई तर तिचा हात वर दिसला की खिडकीबाहेर बघायच्या.

मुंबईच्या त्या नामांकित गाणाऱ्या बाई नऊ वर्षांनी नागपूरला येणार होत्या. शनिवारी एक कार्यक्रम, रविवारी दुसरा. तिकीट पाच रुपये, माणशी चार. शनिवारची तिकिटं आज गुरुवारी सकाळी आठला सुटली आणि पावणेनऊला संपली. पुरुषांची रांग आरागिरण्यांच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती; त्यांच्यातल्या कित्येकांना खिडकीचं तोंडसुद्धा दिसलं नाही. बायकांसाठी मंडळाने वेगळी खिडकी ठेवली होती. पुरुषांच्या धक्काबुक्कीत बायकांची कुचंबणा होऊ नये, त्यांनाही मानाने तिकीट घेता यावं, असा त्यामागचा चांगला हेतू. तिथली रांग आखूड. पण तिथेही त्यांच्या वर्गातल्या गोपिकाला तिकीट मिळालं नव्हतं, आणि पैज लागली होती ती त्यावरूनच.

खिडकीआडून मंडळाच्या म्हाताऱ्या कारकुनाने, कवडूजींनी, चष्मा कपाळावर चढवला.

"छापली होती ना वं. या खिडकीले साठ दिली होती. त्यातली चार तर सकाळी तूच नेली."

प्रेमिलाचा रुमाल खाली आला.

"मी घरच्यासाठी नेली," शामला म्हणाली. "म्हणजे, शेजारच्या काकांसाठी. त्यांच्याकडे कुहीचे पाहुणे येऊन राहिले."

"कोणते काका? चंपतराव?" कवडूजी हसले, पण त्यात गंमत नव्हती. "आज तुमच्या गल्लीच्या अकरा पोरीबाया आल्या. अकराहीजणींनी चार-चार नेली, अन् सगळ्यायनं मले चंपतरावाचं नाव सांगितलं. कुही गाव मोठं आहे, पण इतकं?"

"मग दिली काहून तुम्ही?"

"माणशी चार, असा नियम आहे. तू माणूस आहेस ना? मग दिली चार. कोणासाठी नेऊन राहिली, हे विचाराचा नियम नाही." त्यांनी फळी ओढता ओढता बोट दाखवलं. "जा, पानठेल्यापाशी पाहून ये. पाहुणे तिथंच उतरले असतील."

आणि खिडकी बंद झाली.

गोपिकाही दोघींच्या मागे उभी होती. ती नरखेडकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिची आई कौशल्याबाई संत्र्याच्या बगिच्यात दिवसभर राबायची. तोडीच्या दिवसांत बगिच्यातल्या झोपडीत ट्रान्झिस्टर टांगलेला असे, आणि त्यावर या बाईंचं गाणं लागलं की कौशल्याबाईंचे संत्री निवडणारे हात थांबत. लहानं-मोठं एकत्र पडायचं, व्यापारी ओरडायचा, पण गाणं संपेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. लेकीच्या फीपासून नवऱ्याच्या औषधापर्यंत सगळं न मागता करणाऱ्या या बाईने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. कुणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून घेतलं होतं: 'बाईचं गाणं नागपूरले आहे म्हणतात. मले नेशील का?' तोडीतून तीन दिवसांची सवड काढून त्या शनिवारी एसटीने येणार होत्या.

म्हणून गोपिका सकाळी सहालाच रांगेत येऊन उभी राहिली होती. तिच्यापुढे चार बायका होत्या. आणि त्या चार बायकांच्या पुढे, जमिनीवर ओळीने मांडलेल्या अकरा कापडी पिशव्या. प्रत्येकीत एकेक वीट. त्या पिशव्या जागा धरून बसल्या होत्या. आठला दहा मिनिटं असताना लकडगंजच्या पोरी आणि सुना अंघोळी आटोपून, वेण्या घालून, हसत-खिदळत आल्या आणि आपापल्या पिशवीपाशी उभ्या राहिल्या.

तिसरी पिशवी शामलाची होती, चौथी प्रेमिलाची.

तेव्हा गोपिकाने मागून हाक मारली होती, "शामले, एक मायसाठी घेशील का वं? पैसे हे घे!" आणि शामला मान वळवून म्हणाली होती, "अवं, चारी मोजलेली आहेत. तुलेही भेटतीलच ना, लाईन काही मोठी नाही." खरंच तिला तसंच वाटलं होतं. तिकिटं दप्तरात टाकून, काकांच्या हाती देऊन ती प्रार्थनेची घंटा गाठायला पळाली होती. मागे खिडकी कधी बंद झाली, हे तिने पाहिलंही नव्हतं.

पानठेल्यापाशी पट्ट्यांचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. पोरी जवळ येताच तो रस्त्याकडे बघत पुटपुटला, "शनिवार, शनिवार. पाचचं पंचवीस."

"पंचवीस?" प्रेमिला किंचाळली. "गाणं ऐकवता का बाईले घरी आणून देता?"

"नाही पाहिजे तर पुढं व्हा. संध्याकाळी तीस होतील."

"दाखवा तर आधी," शामला म्हणाली. "खरी आहेत का खोटी, कोणाले माहीत."

त्याने पत्त्यांसारखी चार तिकिटं उलगडून धरली. गुलाबी कागद, मंडळाचा शिक्का. आणि चारही तिकिटांच्या उजव्या कोपऱ्यावर एकच पिवळा तेलकट डाग.

शामलाच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं. लोणच्याचं तेल दप्तरात सांडतं म्हणून आईशी तिचं रोजचं भांडण चालायचं. आज सकाळीही ते सांडलं होतं. वहीचा पुठ्ठा तर पिवळाधम्मक झाला होता.

तिचे कान तापले. ढाल मिळालेल्या पोरीने दप्तर हळूच पाठीमागे ओढलं. गोपिकाने डाग पाहिला, मग शामलाच्या दप्तराकडे पाहिलं. एवढं पुरलं.

"गोपे, मले नव्हतं माहीत वं. देवाशपथ."

"हाव. नसंल माहीत."

"काका मले एक फुकट देतात. माझं तिकीट तू घे. मायले दे. मी नाही जात."

"नको." गोपिका ओरडली नाही, हेच वाईट होतं. "माही माय दिवसभर उन्हात बसते. ती पाच रुपये घेऊन येऊन राहिली, तिकीट घ्याले. तुया काकाची भीक नाही मागितली तिनं. रविवारची तिकिटं उद्या सुटतात. मी उद्या पाचले येतो. पण त्या पिशव्या माह्यापुढंच राहतील, हे तुले माहीत आहे."

ती वसतिगृहाकडे चालू लागली. समोसा कुणालाच आठवला नाही.

शामला मात्र सरळ घरी गेली नाही. रागाने तिचे पाय आपोआप भरभर पडत होते. आधी राग पट्ट्यांच्या शर्टाचा आला, मग चंपतकाकांचा, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तो फिरून तिच्या स्वतःवर आला. पाच वर्षं! सर्कस असो, नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, पाच वर्षं ती बायकांच्या खिडकीशी उभी राहत होती. हुशार पोट्टी म्हणून काका पाठ थोपटायचे. गल्लीत याला कुणी काळाबाजार म्हणत नव्हतं. गल्लीत याला 'चंपतरावाचं काम' म्हणत. बिचारे आपल्या बायकापोरींना फुकट कार्यक्रम दाखवतात, मग त्यांच्यासाठी घडीभर उभं राहिलं तर काय बिघडलं? सून, लेक, भाची, सगळ्या उसन्या देण्यात येत होत्या, अंगणातली शिडी द्यावी तशा. बाईच्या मानासाठी ठेवलेली खिडकी चांगल्या घरच्या बायकांच्याच हातांनी लुटली जात होती, आणि रांगेत मागे उभी असायची ती कुणाची तरी माय.

उद्या चंपतरावांच्या पिशवीपाशी उभं राहू नका, हे सांगायला प्रेमिलाला घेऊन ती गल्लीतल्या घरांची दारं वाजवत निघाली. सगळीकडे तिचं ऐकून घेतलं असं नाही. एका सासूने तर "ढाल डोक्यात गेली हिच्या" म्हणून दार लावून घेतलं.

दिवेलागणीला ती घरी पोहोचली तर चंपतराव बंगईवर बसून झोके घेत होते. समोर तिचे बाबा मधुकरराव, लाकडाचे व्यापारी. साऱ्या लकडगंजात त्यांचा लाकूड मोजायचा टेप प्रसिद्ध होता. गिऱ्हाईक आंधळं असलं तरी सागवान बोटभर कमी जाणार नाही. आई, शोभाताई, चिवड्याची बशी घेऊन उभी होती. तिपाईवर तीन गुलाबी तिकिटं होती.

"आली का माही वाघीण!" चंपतराव म्हणाले. "ही घ्या तुमची तीन, पुढच्या लाईनीतली. अन् उद्या रविवारवाली सुटतात. तुही पिशवी पयली ठेवतो. सात-साडेसातले ये, बस."

"कुहीचे पाहुणे पंचवीस रुपयांत गाणं ऐकतात का काका?"

बंगई थांबली.

"काय वं हे?" आई म्हणाली.

"पानठेल्यावर मी आणलेली तिकिटं विकून राहिले, आई. तुझ्या लोणच्याचा डाग आहे चारही तिकिटांवर. जाऊन पाहा."

चंपतराव हसले. "मंग? चोरी करून राहिलो का मी? पैसे मोजून घेतो, पैसे मोजून देतो. ज्याले ऐकाचं आहे तो देते. तुह्या बाबाचा सागवान नाही का महाग होत?"

"बाबा सागवान जंगलातून आणतात, चिरतात, वाळवतात. तुम्ही तिकिटाचं काय करता? नुसतं माझ्या मैत्रिणीच्या हातातून काढता. मला लावून काढता."

"मधुकरराव, पोट्टीले आवरा गा. लई चालून राहिली जीभ." त्यांनी चिवड्याची एक चिमूट तोंडात टाकली आणि चपला घातल्या. "उद्या सात. पिशवी ठेवतो."

ते गेल्यावर बाबांनी बराच वेळ तिकिटांकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"मोठ्या माणसाशी असं बोलतात काय?" ते म्हणाले. आवाजात म्हणावा तसा जोर नव्हता. "सारं नागपूर असंच चालते. आपण एकट्यानं काय होते?"

"बाबा, लाकूड मोजताना तुम्ही असं म्हणता का?"

बाबांच्या आधी आईच उसळली. पदर खोचत तिने बशी तिपाईवर आपटली.

"तुले सोपं आहे बोलणं! लग्नाला सतरा वर्षं झाली. चंपतभाऊजींच्या तिकिटावर मी घराबाहेर चार गाणी ऐकली. तुह्या बाबाले दुकानातून सवड नाही, अन् मी एकटी कुठं जाऊ? या गल्लीच्या बाया बाहेर पडतात त्या त्याच माणसामुळं. ते बंद कर, अन् बस मग सगळ्यायले घरात कोंडून!"

स्पर्धेत विरुद्ध बाजूचा असा मुद्दा आला की तीन मिनिटांची घंटा वाजायची आणि सुटका व्हायची. इथे घंटा नव्हती. आईचे डोळे भरले होते आणि आई खोटं बोलत नव्हती.

"आई," ती हळूच म्हणाली, "गोपिकाच्या आईनं तर एकही नाही ऐकलं. तिला फक्त पाच रुपये आणि एक मोकळी खिडकी पाहिजे. तिची जागा घेऊन आपण बाहेर पडतो. आणि आपल्याला वाटतं, काकांनी नेलं."

शोभाताईंनी बशीतून सांडलेले शेंगदाणे एकेक उचलले.

शामलाने तिन्ही तिकिटं उचलली.

"बाबा, आई, माझं ठरलं आहे. ही तिकिटं मी आत्ता काकांच्या घरी परत देऊन येते. उद्या मी त्यांच्या पिशवीपाशी उभी राहणार नाही, ना या वर्षी, ना पुढं कधी. प्रेमिला नाही म्हणाली आहे, आणखी चारजणी नाही म्हणाल्या आहेत. बाकीच्या पाचजणी येतील तर येऊ देत. त्यांच्या आधी जाऊन मी कवडूजींना सांगणार आहे, पिशवीला तिकीट देऊ नका, माणसाला द्या. ते ऐकतील, नाही ऐकतील. मग मी रांगेत जाईन, गोपिकाच्या मागं. तिला मिळालं, तिच्या मागच्यांना पुरलं, तर माझ्या पाच रुपयांचं एक मी घेईन. नाही पुरलं तर गाणं रेडिओवर ऐकेन."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आणि आई, तुला गाणं ऐकायचं असेल तर माझ्यासोबत चल. पाचला निघायचं आहे. शाल घे, तिथं फार गारठतं."