मधल्या नटापासून

"आई, नाक लाव बघू. कुठून येतोय वास?"

ताईने बॉनेट उघडून गाडी सुरू केली होती. आई पुढच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर, पाठीशी उशी घेऊन बसली होती. इंजिन फट्फट् करत होतं.

"पायापाशी," आई खोकत म्हणाली. "तुझ्या बाबांच्या सिगारेटीपेक्षा घाण."

ताईने लगेच गाडी बंद केली आणि चारही दारं उघडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दवाखान्यात दाखल करायचं होतं. छातीत पाणी झालं होतं. दोन वाक्यं बोलली की तिला थांबावं लागे. डॉक्टरांनी आम्हा बहिणींना बाहेर बोलावून जे सांगितलं, ते आम्ही तिला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दवाखान्याची गाडी पाठवतो म्हणाले, तर आईने साफ नकार दिला. "आडवी होऊन मी या घरातून जायची नाही. बसून जाईन. ह्यांच्या गाडीतून."

दादाने त्याची नवी गाडी देऊ केली.

"त्याच्या गाडीत बसलं की त्याचं व्याख्यान ऐकावं लागतं," आई मला म्हणाली. "आणि मला आता उतरून पळता येत नाही."

बाबांच्या मागे त्यांचं गॅरेज ताईनेच चालवलं. घराला लागूनच पत्र्याची शेड होती. लग्नाचा विषय निघाला की ती जवळच्या गाडीखाली सरकायची. बोलणारा नुसत्या पायांशी किती वेळ बोलणार? लोकांच्या गाड्या आधी आणि घरची सगळ्यात शेवटी, हा तिचा नेम. त्यामुळे घरच्या गाडीची गॅस्केट कधीची जळून गेली होती. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या सांध्यातच ती बसवलेली असते. आता तिथूनच धूर फुटून आत शिरत होता. आम्ही काचा उघड्या टाकून दिवस ढकलले होते. पण आईला आता धूरही सोसत नव्हता आणि वाराही.

"आज होईल?" मी विचारलं.

"नट काय म्हणतात त्यावर आहे," ताई म्हणाली.

नट गंजून स्टडशी, म्हणजे ते ज्या आट्यांच्या दांड्यांवर फिरतात त्यांच्याशी, एकजीव झाले होते. ताईने त्यांच्यावर तेल सोडलं आणि चक्क स्टुलावर बसून राहिली. मला तो स्वस्थपणा बघवेना. आईने मात्र खुर्ची शेडमध्ये मागवली.

"घाई करू नकोस. तुझे बाबा घाई करायचे, आणि मग नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा."

एकेक नट कुरकुरत सुटला. शेवटच्या नटाला मात्र कट्कन आवाज आला. ताईचा हात पान्यासकट बाजूला आपटला.

"मोडला?" आईने विचारलं.

"स्टड मोडला."

"रडू येतंय?"

"नाही."

"मग माझी खुर्ची पुढे घे. मला इथून दिसत नाही."

नखाएवढा तुकडा बाहेर उरला होता. ताईने तो तापवला, तेल दिलं, पकडीत धरला आणि जरासा पुढे, जरासा मागे, असा फिरवत राहिली. तिच्या बोटाच्या सांध्यातून रक्त येत होतं, ते तिने पँटला पुसलं. दुपार कलली तेव्हा तो तुकडा तिच्या तळहातावर होता. तिने तो आईला दाखवला. आईने दागिना बघावा तसा उलटापालटा करून बघितला.

मग ताईने जागा घासून स्वच्छ केली, नवा स्टड घातला, नवी गॅस्केट लावली. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून ती थोडं थोडं बाहेर सरकत गेली. बाबांनी तसंच शिकवलं होतं. एका टोकापासून आवळत गेलं की दुसरं टोक उचलतं.

संध्याकाळी आई पुन्हा तिच्या सीटवर बसली. काच वर केली. ताईने गाडी सुरू केली. आईने डोळे मिटून जमेल तेवढा श्वास आत घेतला.

"नाही वास."

"नीट बघ गं."

"नाही म्हणते ना! आवाजसुद्धा नाही." ती दम खायला थांबली. "आता आपण गेलो तरी गल्लीला कळायचं नाही."

ताई फडक्याला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "एकदा चालून गार झाली की परत आवळावे लागतील. गॅस्केट दबते, नट सैल पडतात."

"मग आल्यावर आवळ," आई म्हणाली.

सकाळी आई ताठ बसून गेली. मी मागे होते. गाडी इतकी शांत चालत होती की मला आईचा श्वास ऐकू येत होता. दवाखान्याच्या दाराशी ती ताईचा हात धरून स्वतःच्या पायांनी उतरली.

ती घरी आली नाही. त्याच आठवड्यात गेली.

सगळं उरकून आम्ही रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ताई अंथरुणात नव्हती. नातेवाईक अजून झोपले होते. मी शेडमध्ये गेले. गाडीचं बॉनेट वर होतं. शेडमधली आईची खुर्ची कोणी हलवली नव्हती, आणि ताई तिला वळसा घालून पाना घ्यायला ये-जा करत होती.

"ताई, आज कशाला?"

"गार झालीय," ती म्हणाली.

मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या टोकापर्यंत तिने सगळे नट आवळले. नट थोडे थोडेच फिरले. पाने पुसून जागेवर ठेवले. मग गाडी सुरू केली आणि वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसली, आईच्या जागेवर. आईची उशी अजून तिथेच होती. ताईने काच वर केली आणि डोळे मिटले.

मी बाहेर उभी होते. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि काचेआडून मला मान हलवून सांगितलं, नाही वास.