आत ओढलेला हो

एल्सीने उत्तरेकडच्या रीतीप्रमाणे उकळत्या कॉफीत चीजचे तुकडे टाकले आणि पेला पाहुणीपुढे सरकवला. पाहुणी दक्षिणेकडची, पार स्कोने प्रांतातली. पेल्यात बेडूक पडलाय असंच तोंड केलं तिने. एल्सीला गंमत वाटली. नवरा, आल्गोट, गेल्यापासून या स्वयंपाकघरात गमतीचं असं काही घडलं नव्हतं.

पाहुणीचं नाव हिलेवी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, तोंडाने श्वास केव्हा द्यायचा आणि हे सगळं घाबरलेल्या घरच्यांना फोनवरून कसं सांगायचं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. आल्गोट पडला तेव्हा एल्सीने मदतीसाठी केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग तिने पुन्हा पुन्हा ऐकलं होतं आणि एकाच जागी अडली होती. म्हणून उमेओ शहरातून बर्फातून गाडी हाकत ती इथवर आली होती.

"एल्सी, फोनवरच्या बाईने तुला विचारलं, श्वास चालू आहे का? तू म्हणालीस, श्वास काय घेऊन बसलात, तो माझ्याशी बोलतोय. पण मला त्याचा आवाज कुठेच ऐकू येत नाही. काय बोलत होता तो?"

"हो म्हणत होता."

"पण कुठे?"

"अगं, असं." एल्सीने ओठांचा चंबू केला आणि श्वास सुर्रकन आत ओढला. "हा आमचा हो. थंडीत शब्द कशाला वाया घालवायचे? मागे तुमच्याकडचा एक डॉक्टर आला होता इथल्या दवाखान्यात. माझी नणंद त्याच्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली, आणि त्या शहाण्याने तिला दम्याचा पंप लिहून दिला!"

एल्सी खळखळून हसली. हिलेवी मात्र हसली नाही. तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला आणि ती टेबलाकडे बघत राहिली.

त्या होच्या आधारावर तर एल्सी दिवस काढत होती. त्याचं असं झालं होतं, की आल्गोट एल्क हरणाच्या शिकारीला रानात गेला असताना तिने त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, रॅपला, मरणाचं इंजेक्शन देववलं होतं. रॅपचे मागचे पाय गेले होते, रात्रंदिवस कण्हायचा बिचारा. तिला बघवेना. पण धन्याला निरोप घेऊ दिला नाही, ही चूक तिची, आणि ती तिला ठाऊक होती. आल्गोट परतला, रॅपचं रिकामं अंथरूण पाहिलं आणि त्याने तोंडात जी मिठाची गुळणी धरली ती नाताळ आला तरी सोडली नाही. एकाच टेबलावर दोघं जेवायची, आणि मीठ हवं असलं तरी तो उठून स्वतः घ्यायचा.

मग एका सकाळी तो चुलीपाशी कोसळला. तिने फोन लावला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ऐकू येतंय का रे, असं विचारलं. सुर्रकन उत्तर आलं. जरा वेळाने तिने विचारलं, "रॅपचं विसरलास ना? माफ केलंस ना मला?" पुन्हा तेच उत्तर. किती महिन्यांनी तो बोलला होता! माणूस जाताना रुसवा सोडून गेला, असं तिने दफनाच्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं होतं.

"बोल आता," एल्सी म्हणाली. "पोटात ठेवू नकोस."

हिलेवीने पेला बाजूला सारला. "एल्सी, हृदय थांबलं तरी थोडा वेळ शरीर आपलंआपण हवा ओढतं. ते आचके असतात. माणसाला तेव्हा ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही."

"म्हणजे ऊर्ध्व लागला होता त्याला?"

"हो. तो श्वास नव्हताच. तेव्हाच छाती दाबायला घ्यायची असते. पण बोलतोय म्हटल्यावर त्या बाईने त्याला कुशीवर वळवून ठेवायला सांगितलं. तिची चूक नाही. तुझीही नाही."

"दाबली असती तर वाचला असता?"

हिलेवी खोटं बोलू शकली असती. एल्सीला वाटलंही, बोल बाई खोटं, तुझं काय जातंय.

"असे आचके देणारी माणसं इतरांपेक्षा जास्त वाचतात," हिलेवी म्हणाली. "सगळी नाही. पण त्याला संधी होती."

एल्सीला तिचा असा राग आला, की पेला उचलून भिंतीवर फोडावा. "माझा नवरा गेला तो गेलाच. तू त्याचा होसुद्धा घेऊन चाललीस?"

"तू म्हणशील तर तुझा फोन मी अभ्यासातून वगळते. तुझं बोलणं कोणी ऐकणार नाही."

एल्सी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर नदी गोठून पडली होती.

"वगळू नकोस," ती शेवटी म्हणाली. "त्या फोनवरच्या बायांना शिकव. आमच्याकडच्या माणसाने हो म्हटलं तर धरायचं नाही. त्याला नाही म्हणायला सांगा. आमचा नाही काही आत ओढता येत नाही, तो बाहेरच काढावा लागतो. त्याला जीव लागतो."

हिलेवीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी मात्र हो येईल तेवढंच विचारत बसले," एल्सी म्हणाली. "अजून रागावलायस का, एवढं जरी विचारलं असतं! आणि त्यावर त्याने असाच हो ओढला असता ना, तर संतापून छातीवर बुक्क्या घातल्या असत्या मी त्याच्या. उठून बसला असता मेला. पण ते विचारायची माझी छातीच झाली नाही."