फुंकरबापूंचा फुगा

काळाचौकीच्या मंडळाच्या हॉलमध्ये बारसं होतं, पण गर्दी पाळण्यापेक्षा फुंकरबापूंभोवती जास्त.

"दोन महिने आधी आलेली पोर!" बापू गरजले. "काचपेटीत, नाकात नळी. तिला श्वास कोणी दिला?"

"बापूंनी!" हॉल ओरडला.

श्रेय कोणाच्या खात्यात जमा होतंय हे बघायची मला खोड. घुगऱ्यांचा द्रोण घेऊन मी पुढे सरकलो.

बापूंनी बाळाच्या बापाला, अजितला, सजावटीतला नवाकोरा फुगा दिला. अजितचे गाल लालबुंद, फुगा ढिम्म. बापूंनी तो मुठीत घेतला, फुंकर मारली आणि नम्रताच्या हाती दिला. ओली बाळंतीण, पण एका दमात फुगा टम्म!

"अशीच फुप्फुसं उघडली आम्ही. आता दवाखाना बंद. दोन वेळा आमच्या धुपाची धुरी."

बाळाला धुरी घरोघरी देतात, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. शेगडी आली. अजितची बहीण प्रितीताई पुढे झाली. "दे गं इकडे, आत्या आहे मी." काचपेटीबाहेर नम्रताचा हात धरून बसायची ती हीच. नम्रताने बाळ दिलंही असतं.

"थांबा!" बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टर नूपुर पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी सजावटीच्या पाकिटातला नवा फुगा काढला. "बापू, याला मंत्र मारा."

"देवाची परीक्षा घेता?"

"देवाची नाही, रबराची."

त्यांनी फुगा ताणला, अजितकडून कसाबसा फुगवून घेतला, हवा सोडली आणि मला दिला. मी दम्याचं जुनं गिऱ्हाईक, तरी सहज फुगवला. मंत्र मला एकही येत नाही.

"एकदा फुगलेला फुगा दुसऱ्यांदा सोपा जातो. मूठ उघडा, बापू."

मुठीत अजितचा मघाचा फुगा निघाला.

"पोटात बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मल्यावर हवेच्या इवल्या पिशव्या चिकटू नयेत म्हणून आत निसरडा थर लागतो. तो शेवटच्या महिन्यांत पुरेसा होतो. ही लवकर आली, म्हणून आधी आईला इंजेक्शनं आणि मग बाळाला नळीतून औषध दिलं. नव्या पिशव्या पुढे कित्येक वर्षं तयार होत राहतील. त्यात धूर भरायचा?"

नम्रता आपल्या हातातल्या फुग्याकडे बघत होती. त्याच्या तोंडाला मरून रंगाची लिपस्टिक होती, प्रितीताईच्या ओठांवर होती तीच. तिने लावलीच नव्हती.

"ताई, हा तुम्ही फुगवून ठेवलात? नळीचंही बापूंना तुम्हीच सांगितलंत?"

"बापूंचं नाव झालं तर बिघडलं कुठे? पोर जगली ना!"

"तुम्ही माझा हात धरून बसायचात. मला वाटायचं, माझ्यासाठी."

अजितने शेगडीवर पाणी ओतलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी "मनवा" हे नाव आईनेच सांगितलं. प्रितीताई सवयीने पाठ वाकवून उभी राहिली. एकही हात उठला नाही.

तेव्हा मंडळी, लवकर आलेल्या बाळाची तपासणी चुकवू नका, धूर लांब ठेवा. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला आधी मूठ उघडायला लावा. मग ती बुवाची असो, नाहीतर आपल्या माणसाची.