डाव्या अंगाला

करुणानं पेनाची दांडी अंगठ्यानं खसाखसा घासली, ऊब जायच्या आत नाकाशी नेली आणि डोळे मिटले. समोरच्या खुर्चीतला बद्रीनाथ जरा मागं सरकला. पेन तपासायला आणलंय, हुंगायला नाही, असा त्याचा चेहरा झाला होता.

“घ्या मावशी, तुम्ही पण वास घ्या.”

सत्यभामाबाईंनी पदराला हात पुसले, पेन दोन्ही हातांनी घेतलं आणि नाकाशी धरलं.

“देव्हाऱ्यावानी येतंय.”

कापूर तो, करुणानं सांगितलं. त्या काळी ही पेनं ज्या सेल्युलॉइडची करत, त्यात कापूर असायचा. इतकी वर्षं गेली तरी घासलं की जागा होतो. नकली पेन करणारे टोपीच्या माथ्यावरचा पांढरा तारा करतात, निबेवरची नक्षी करतात, आकडे कोरतात. वास काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

पेन जर्मन होतं. ज्या कंपनीचं नाव घेताना पेनवेडी माणसं आपोआप आवाज खाली आणतात, तिचं. करुणानं असलं पेन चित्रात शेकडो वेळा पाहिलं होतं. हातात आज पहिल्यांदा आलं होतं. तिनं ते खिडकीकडं धरलं, तशी दांडीतली शाई दिसायची बारीक पट्टी मधासारखी उजळली. ती नुसती बघत राहिली. बँकेत तिच्या टेबलापुढं माणसं सोन्याच्या पाटल्या तारण ठेवायला आणतात, त्यांच्याकडं ती कधी अशी बघत राहिली नव्हती.

उस्मानपुऱ्यातल्या या घरात रविवारी सकाळी मिठाची बरणी आणि लोणच्याचे चिनी सट बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर तिचा दरबार भरायचा. पेनातलं तिला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरच्या भिंतीवरच्या फोटोत कोटाच्या खिशाला जे पेन आहे ते कोणतं, हा प्रश्न तिला सातवीत पडला आणि घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही, तिथून हे खूळ सुरू झालं. जुनी पेनं घ्यायची, खोलायची, त्यातली बरीचशी कायमची बिघडवायची, असं करत करत ती इथवर आली होती. आता पुण्यामुंबईचे शौकीन पैसे मोजण्याआधी पेन तिच्याकडं पाठवत. नवरा म्हणायचा, माझ्याकडं कधी असं भिंग लावून बघितलं नाहीस. ती म्हणायची, बघितलं आणि खोट निघाली तर परत कुणाला करू?

“अस्सल आहे,” ती शेवटी म्हणाली. “एकही भाग बदललेला नाही. असं मिळत नाही हो कुठं.”

“देखो आत्या,” बद्रीनाथ खूश झाला. “म्हणलो होतो ना तुम्हाला?”

सत्यभामाबाई खूश झाल्या नाहीत. देवगाव रंगारीहून सकाळच्या पारी निघून त्या आल्या होत्या, वाटेत भाच्याच्या गाडीत त्यांना मळमळलं होतं आणि त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

“अस्सल हाय ते झालं, बाई. पर आमच्या तात्यांचं हाय का?”

मग ती हकिगत बाहेर आली. निम्मी आत्या सांगत होती, निम्मी भाचा. तात्या म्हणजे सत्यभामाबाईंचे वडील, सांडूतात्या. कन्नडला तहसिलीत कारकून. हे पेन त्यांनी कधीतरी हैदराबादेहून कोरं आणलेलं आणि जीव की प्राण केलेलं. म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले तेव्हा पेन गळायला लागलं, म्हणून गुलमंडीत एका पेनवाल्याकडं दुरुस्तीला टाकलं. ते परत यायच्या आत तात्या गेले. दिवस झाल्यावर बद्रीनाथच्या वडिलांनी पेन आणलं, शाई भरली, हौसेनं कागदावर टेकवलं आणि ते खरखरलं. कागद फाटला. दुसऱ्यांदा लिहून पाहिलं, पुन्हा तेच. तात्यांचं पेन असं चालणं शक्यच नव्हतं. पेनवाल्यानं पेन बदललं, घरात एकमुखानं ठरलं.

“आमचे पिताजी गेले की भांडायला,” बद्रीनाथ म्हणाला. “भर बाजारात कॉलर धरली त्याची. तेव्हापासून आमच्या घरात त्या गल्लीतून काही आणत नाहीत. माझ्या लग्नाचा बस्ता सुद्धा जालन्याहून आणला.”

“लई महाग पडला,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

आता भाऊ राहिला नव्हता आणि पेन त्यांच्या ट्रंकेत येऊन पडलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तात्यांचं असेल तर मरेपर्यंत उशाला ठेवीन. नसेल तर परक्याची वस्तू घरात कशाला? विकून टाकायची. बद्रीनाथनं इंटरनेटवर असल्या पेनांचे भाव बघितले होते आणि त्याचं मन कोणत्या बाजूला होतं ते सांगायची गरज नव्हती.

करुणाच्या मनाचीही बाजू ठरलेली होती. विकणार असतील तर हे पेन पुण्यामुंबईला जाणार नाही. ती स्वतः घेणार. गळ्यातलं मोडावं लागलं तरी.

म्हणून तर ती आज जास्तच काटेकोरपणे बघत होती. आपली नियत आपल्यालाच संशयास्पद वाटली की माणूस जसं बघतो, तसं.

तिनं निब भिंगाखाली धरली. सोन्याच्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक दाणा असतो, मोहरीहून लहान. वर्षानुवर्षं एकाच हातात राहिलं की तो दाणा त्या हातासारखा झिजतो. हात जसा कलतो तशी त्याला उतरण पडते. म्हणून जुनी माणसं आपलं पेन दुसऱ्याला लिहायला देत नसत. करुणानं आजवर शेकडो दाणे पाहिले होते, घाईच्या माणसाचे, दाबून लिहिणाऱ्याचे, नुसत्या सह्या ठोकणाऱ्याचे. असा एकही पाहिला नव्हता. झीज खोल होती, गुळगुळीत होती, अनेक वर्षांची होती, आणि भलत्याच अंगाला होती.

तिनं निब शाईत बुडवून कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. ‘क’च्या पोटातच पेन अडलं आणि शाईचे बारीक तुषार उडाले.

“तात्या डावखुरे होते का?”

“छ्या,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “डाव्या हातानं कुणी भाकर मोडली तर ताटावरनं उठवायचे.”

करुणानं भिंग खाली ठेवलं. जे दिसत होतं ते सांगणं भाग होतं. हे पेन कुणीतरी खूप वापरलंय, पण तो माणूस डावखुरा होता. आणि ते तात्या नव्हते.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सत्यभामाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला नाही.

“मग भाऊ खरं बोलत व्हता,” त्या म्हणाल्या. “द्या इकून. तुमाला पायजे असंल तर तुमीच ठिवा, बाई. तुमी नीट धरता त्याला.”

करुणानं टोपीचे आटे सावकाश फिरवले आणि पेन आपल्या बाजूला ठेवलं. अजून आपलं नव्हतं, पण हात त्याच्याजवळच राहिला. बद्रीनाथनं मोबाइल काढून मान हलवत आकडा सांगितला आणि तिनं घासाघीस न करता हो म्हटलं. ती चहा ठेवायला उठली. व्यवहार झाल्यावर तिच्याकडं चहा व्हायचाच.

कप घेऊन आली तेव्हा सत्यभामाबाई कुणाशी तरी बोलावं तशा पेनाशी बोलत होत्या. तिला पाहून ओशाळल्या.

“दुसऱ्याचं का असंना, दिसाया तसंच हाय, म्हणून आठवलं,” त्या म्हणाल्या. “तात्या कचेरीत न्यायचे नाय ते पेन. कचेरीचं येगळं. हे घरातलं. दिवेलागणीला दारातल्या ढाळजंत चटई टाकून लिव्हाय बसायचे. मी ही एवढी. मला शाळा नाय, काय नाय. मी आपली त्यांच्या डाव्या अंगाला कागदाशी नाक लावून बसायची. लिव्हता लिव्हता त्यांचा हात माझ्याकडं येत यायचा. हळूहळू. ओळ सरली की बोटं माझ्या नाकाला लागायची, मी हसायची. मग हात परत लांब जायचा, आन् पुन्हा यायला लागायचा. मी घंटा घंटा बसायची त्या बोटांसाठी.”

करुणानं कप खाली ठेवला.

तिचं बोट आपोआप टेबलावर फिरलं. उजवा हात, डावीकडून उजवीकडं, जशी आपण कुणीही ओळ लिहितो तशी. डाव्या अंगाला एक पोर बसलीय असं तिनं मनात धरलं. बोट पोरीजवळून निघालं आणि लांब लांब गेलं. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा लांबच गेलं.

एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पेन तिच्या हाताशीच होतं, आणि या जगात ही गोष्ट आता फक्त तिला कळली होती. तिनं टोपी काढून पुन्हा बसवली. मग पुन्हा काढली.

“मावशी, नक्की डाव्या अंगाला बसायचात?”

“मंग? उजव्या अंगाला कंदील असायचा.”

“तात्यांची शाळा कुठं झाली?”

“कन्नडलाच की. निजामाच्या वक्ताची. तवा शाळंत मराठी कुठं व्हती, समदं उर्दूच. राज्य गेलं आन् कचेरी मराठी झाली, तवा तात्या रातीतनं बाराखडी गिरवायला बसले म्हणं. नंतर उर्दूचं कधी नाव नाय काढलं त्यांनी. कुणी उर्दूत बोललं तरी मराठीत जबाब द्यायचे.”

करुणानं निब शाईत बुडवली. कागद सरळ केला आणि पेन उजव्या कडेला टेकवलं. तिला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं नुसती एक लाट काढली, उजवीकडून डावीकडं.

आवाजच झाला नाही.

खरखरणारं ते पेन तेलावरून जावं तसं निघालं. तिनं हात हलका सोडला तर तेच तिला ओढत न्यायला लागलं, कुठं चढायचं, कुठं वळायचं, कुठं जरा दाबायचं, सगळं त्याला ठाऊक असल्यासारखं. ती बोटं सत्तर वर्षांपूर्वी जिथून गेली होती तिथूनच आपण चाललोय आणि वाट अजून मळलेली आहे, असं तिला वाटलं. ओळ कागदाच्या डाव्या कडेला जाऊन थांबली. काळीभोर, ओली, एकसारखी.

तिनं सांगितलं. जपून, थांबत थांबत सांगितलं. माणूस डावखुरा नव्हता, अक्षरं उजवीकडून येणारी होती. पेनवाल्यानं काही बदललं नव्हतं. भावानं मराठी लिहून पाहिलं म्हणून ते खरखरलं. त्याला मराठी कधी लागलीच नव्हती.

बद्रीनाथ मोबाइल हातात धरून तसाच बसला होता. “पण आत्या,” तो म्हणाला, “राज्य जाऊन मग किती वर्षं झाली होती. कचेरीतही चालत नव्हतं. तात्या उर्दूत लिहायचे तरी काय? कुणाला?”

सत्यभामाबाई कागदावरच्या लाटेकडं बघत होत्या.

“काय की,” त्या म्हणाल्या. “लिव्हून झालं की चुलीत घालायचे. मला वाटायचं, चुकलंय म्हणून जाळत्यात.”

करुणानं भिंग उचललं आणि तो दाणा पुन्हा पाहिला. मघाचाच होता. पण आता त्याच्याकडं नुसता झिजलेला दाणा म्हणून बघणं तिला जमेना. एका माणसानं कुणाला न सांगता वर्षानुवर्षं जे लिहिलं त्यातली एक ओळ उरली नव्हती, राख सुद्धा उरली नव्हती, आणि तरी ते सगळं इथं होतं, मोहरीहून लहान जागेत, एका उतरणीत. वाचता मात्र कुणालाच येणार नव्हतं.

पेनाची रिकामी डबी टेबलावर तिच्या बाजूला पडली होती. तिनं ती सत्यभामाबाईंच्या बाजूला सरकवली. बद्रीनाथनं ते पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

सत्यभामाबाई उठल्या. निघायचं असं समजून बद्रीनाथनं गाडीची किल्ली उचलली. पण त्या दाराकडं गेल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून त्या करुणाच्या डाव्या अंगाला आल्या, तिथली खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या.

“परत काढा बरं एकदा.”

करुणानं नवा कागद घेतला. निब बुडवली, जादा शाई दौतीच्या काठाला टिपली आणि पेन कागदाच्या अगदी उजव्या टोकाला टेकवलं. हात निघाला. त्या म्हाताऱ्या बाईनं दोन्ही तळहात टेबलावर एकावर एक ठेवले, त्यावर हनुवटी टेकवली आणि कागदाच्या कडेला नाक लावून ती वाट बघत राहिली.