चपलांच्या हंडीतला सोनमासा

मी एक जुनी अल्युमिनियमची हंडी आहे. मित्रांनो, तुमच्या त्या शोभेच्या काचपेट्यांचं मला काडीचं कौतुक नाही. थाट राजवाड्याचा, आणि मासे घेऊन चार कोस जायची ऐपत नाही!

बंगालातल्या नैहाटीला ठोके खात मी घडले. हराधन कोळी माझ्यातून माशांची इवली पिल्लं आगगाडीने दूरच्या तळ्यांवर विकायला नेई. वाटभर तो तळहाताने पाणी थोपटत राही, कारण निजल्या पाण्यात मासा गुदमरतो. निघण्याआधी दोन दिवस तो पिल्लांना उपाशी ठेवी. पोट रिकामं, तर पाणी स्वच्छ. त्याला हवेचा पंप ठाऊक नव्हता, अक्कल मात्र होती.

त्याच्या मागे मी त्याच्या मुलीकडे, निरुपमाकडे, उत्तरपाड्याला आले. तिच्या मुलाने, पार्थने, माझ्यात जुन्या चपला भरल्या. माझ्यात, चपला!

निरुपमाचा नवरा वारला, तेव्हा मागे त्याचे दोन सोनमासे राहिले. त्यांच्याशी बोलल्याखेरीज तिचा दिवस उगवत नसे. पुढे घर बर्धमानला हलवायचं ठरलं. पार्थने मोबाईलवर वाचून पिशव्या आणल्या, सेलवरचा पंप आणला, आणि पेटीतलं माशांच्या सवयीचं जुनं पाणी घाण म्हणून ओतून दिलं.

"मा, माशांना खायला घालू नकोस हं."

"घरचं माणूस उपाशीपोटी प्रवासाला निघतं का रे?"

"आजोबा तर ठेवायचे!"

"ती विकायची पिल्लं होती. ही तुझ्या बाबांची आहेत."

आणि त्याची पाठ फिरताच कोळ्याच्या या लेकीने मूठभर खाणं पाण्यात टाकलं. हराधनाने कपाळ बडवून घेतलं असतं.

वाटेत पांडुआजवळ पंप बंद पडला. पाणी गढूळ झालं होतं. एक मासा उलटा तरंगत होता, दुसरा वर तोंड काढून धापा टाकत होता.

"जादा सेल कुठेत?" निरुपमाने विचारलं.

"सामानाच्या तळाशी."

"जळो तुझं शहाणपण! हंडीतल्या चपला काढ आधी."

तिने टेम्पो थांबवला. मला मातीने घासून रस्त्याकडेच्या तळ्याचं स्वच्छ पाणी भरलं. पिशवी माझ्यात तरंगत ठेवली, मग थोडं थोडं पाणी मिसळत मासा सोडला. बर्धमानपर्यंत तिचा तळहात थांबला नाही. अगदी बापासारखा हात! "मीच मारलं रे त्याला, लाडाने," एवढंच ती पुटपुटत होती.

पोचल्यावर पार्थ शेजाऱ्यांना सांगत होता, "पंप होता म्हणून एक तरी वाचला." मला हसूही आलं नाही.

मित्रांनो, मासे न्यायचे तर आधी उपाशी ठेवा, त्यांचं जुनं पाणी बरोबर घ्या, आणि लाड मागाहून करा. जीव लावणाऱ्यांनीच माशांचे जीव घेतलेले मी पाहिले आहेत.

पोचलो त्या दिवशी निरुपमा खाण्याचा डबा घेऊन माझ्याजवळ आली. मग तिने डबा न उघडताच फळीवर ठेवला. मासा उपाशी राहिला, आणि तीही जेवली नाही.