वीतभर सळई

लखोटे फोडायच्या आधीच ठेकेदाराच्या माणसांनी माझ्या मेव्हण्याचे दोन दात पाडले. मेव्हणा गवंडी. ओढ्यावरच्या पुलाचा आपला दर लखोट्यात घालून तो पंचायतीच्या पायरीवर आला होता. लखोटा मागे घे म्हणून त्याला फावड्याच्या दांड्याने हाणलं. त्याने रक्त थुंकलं, पण लखोटा सोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी याच पुलासाठी तीन लखोटे आले होते. मेव्हण्याचा दर सगळ्यांत जास्त, ठेकेदाराचा सगळ्यांत कमी. मी पंच होतो. बायको आदल्या दिवशी म्हणाली होती, माझा भाऊ महाग नाही, खोल खणतो एवढंच. पण घरच्या माणसाला काम दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून ठेकेदारासाठी पहिला हात मीच वर केला. वर थट्टा केली, गवंडी काय सोन्याच्या सळया घालणार आहे? पंच हसले. गावाचा पैसा वाचवला म्हणून माझी पाठ थोपटली.

यंदा ओढ्याला गुडघाभर पाणी असताना पूल बसला. बायको वैरणीचा भारा घेऊन मधोमध होती. कठड्याखालून तिचा देह काढला, तेव्हा भारा तसाच बांधलेला होता. ठेकेदाराने दोष जड गाड्यांवर ढकलला.

आता पुन्हा लखोटे फुटले आणि पुन्हा ठेकेदारच सगळ्यांत स्वस्त. पंच माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, यात माझा मेव्हणा आहे, मी मत देणार नाही. मग लोहाराच्या दारातला घण उचलला आणि ओढ्याकडे चालू लागलो. सगळे मागून आले.

पुलाचा एक खांब अजून उभा होता. माथ्यावर सळया निघालेल्या, चांगल्या जाड. ठेकेदार म्हणाला, "लोखंड डोळ्यांना दिसतंय की. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

तिसऱ्या घावाला खांब फुटला. आत वाळू आणि गोटे. सळई मी हाताने उपटली. वीतभर होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

"बडा घर, पोकळ वासा," एक म्हातारा पंच पुटपुटला.

ठेकेदाराने माझा गळा धरला. मी तीच सळई त्याच्या तोंडावर मारली. गाल फाटला. तो चिखलात पडला, मी छातीवर बसलो. ती सळई मला त्याच्या घशात घालायची होती. सगळी. मागून मेव्हण्याने माझं मनगट धरलं.

"सोडा दाजी," फुटक्या तोंडाने तो म्हणाला. "हिचं माप पंचांना घेऊ द्या."

दर जास्त असून काम मेव्हण्याला मिळालं. मला चार महिने तुरुंग.

सुटून आलो त्या दिवशी नव्या पुलाचे टेकू काढायचे होते. टेकू निघताना बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं, ही मेव्हण्याच्या घराण्याची रीत. मी वैरणीचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि पुलावर चढलो. मधोमध आलो नि पाय हलेना.

खालून आवाज आला, "चला दाजी. मी आहे खाली."