वेणी धरून पाहिलेलं आभाळ

मी एक जुनी, पत्र्याची विजेरी आहे. कुणी मला टॉर्च म्हणतं, कुणी बॅटरी. मी सगळ्यांना ओ देते. कारखान्यात माझी काच बसवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ही लांबवर उजेड पाडणार." ते शब्द मी खरे केले. एका गोदामाच्या राखणदाराच्या हातात मी वर्षानुवर्षं फिरले. उंदीर, उघडी राहिलेली दारं, पोत्यांवर झोपलेले हमाल, सारे मी पकडून दिले. पुढे गोदामात मोठे दिवे आले आणि मी राखणदाराच्या लेकीच्या स्वयंपाकघरात, खणात जाऊन पडले. दोऱ्याची रिळं आणि गंजलेली किसणी, एवढाच शेजार.

मला बाहेर काढलं ते लेकीच्या धाकट्या भावानं. भाचीला, म्हणजे चिंगीला, तारे दाखवायचं वेड त्याला. त्यानं माझ्या तोंडावर लाल कागद बांधला. लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत, अंधाराला सरावलेले राहतात. पण मित्रांनो, जन्मभर लख्ख उजेडाचं कौतुक ऐकलेल्या मला तो कागद म्हणजे तोंडाला लावलेलं कुलूपच वाटला.

मग मामाची बदली झाली. चिंगी हिरमुसली. तिची गोडी सुटू नये म्हणून आईच तिला गावाबाहेरच्या माळावर नेऊ लागली. आईला अंधाराची भारी धास्ती. पहिल्या खेपेला ढग, दुसऱ्या खेपेलाही ढग. नंतर एकदा आभाळ स्वच्छ मिळालं, पण निघतानाच आईनं माझा लाल कागद ओढून काढला. "ह्यात साप कुठला आणि काटकी कुठली, काही कळत नाही." मला तर मोकळं मोकळं वाटलं.

माळावर चटई अंथरली. पान सळसळलं की आई मला लावी. चिंगी खोकली की लावी. मी आपली झगमगत होते.

"चारच तारे," चिंगी म्हणाली. "एवढे तर गच्चीवरून दिसतात. मामा उगाच बढाया मारायचा. चल घरी. परत नको यायला."

भीती गिळून आई आली होती, ती हे ऐकायला नव्हे.

"मामाबरोबर दिसायचे ना?"

"मामा सारखी बॅटरी लावायचा नाही. म्हणायचा, डोळे अंधारात मुरू देत. तू लावलीस की परत पहिल्यापासून."

"अगं, पण तू मला दिसत नाहीस."

"मग माझी वेणी धर."

आईनं मला विझवलं आणि वेणी धरली. बराच वेळ दोघी तशाच पडून होत्या. आभाळ हळूहळू भरत गेलं.

"बघ, आला मेला ढग पुन्हा," आई पुटपुटली. वर एक फिकट पट्टा पसरला होता.

चिंगी हसत सुटली. "आई, ढग नाही तो. आकाशगंगा आहे."

आई बघतच राहिली.

"वेणी सोड ना," जरा वेळानं चिंगी म्हणाली. "मान वळत नाही."

"हात धरते मग."

"धर. पण पुढच्या वेळी लवकर निघू हं."

मित्रांनो, काम झालं की माझे सेल काढून ठेवा, नाहीतर मी आतून गंजते. एकदोन खेपा ढगांत गेल्या म्हणून आभाळावर रुसू नका. सोबतीला आलेलं मोठं माणूस घाबरलं तर त्याला हसू नका. त्याच्या हाती आपला हात द्या. आणि मला खुशाल विझवा. न उजळताही कामी येता येतं, हे मला त्या माळावर कळलं.